नारळ फोडण्याआधी

खोपोलीच्या शिळफाट्याला चहाच्या टपरीवर तासभर बसलं की नव्याकोऱ्या गाड्या दोन रूपांत दिसतात. एक रूप सगळ्यांच्या ओळखीचं. झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल टायरला चिकटलेली. मागच्या सीटवर आजी, तिच्या मांडीवर नारळाची पिशवी. ही गाडी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने महडकडे निघालेली असते, वरदविनायकाच्या पाया पडायला. दुसऱ्या रूपाकडे कुणी फारसं बघत नाही. घाट उतरून आलेला लांबलचक, पत्र्याच्या पेटीसारखा बंद ट्रेलर फाट्यावर वळण घेताना सगळी वाहतूक अडवतो. त्याच्या पोटात दोन मजल्यांवर सहा-आठ गाड्या असतात. त्यांना नंबर नाही, मालक नाही, अंगावर धूळ आणि काचेवर कागद.

ट्रेलरमधली गाडी हारवाली गाडी होईपर्यंत मध्ये काही दिवस जातात. कधी काही महिनेही जातात. त्या काळात गाडी कुठे उभी होती, तिला कुणी हात लावला, तिचं काय झालं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. आयुष्यातली घराखालोखाल मोठी खरेदी आपण नेमकी तिथेच डोळे मिटून करतो.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘नवं’. मला नवी गाडी सुचली, आणि तिच्यातही तो एक दिवस, जो बहुतेक घरांत कुणी पाळत नाही: गाडी ताब्यात घेण्याआधी ती नीट बघण्याचा. योगही जुळला. कर्जतच्या माझ्या मामेभावाने सीएनजीची छोटी गाडी बुक केली होती आणि गणपतीला ती दारात हवी होती. त्याच्याबरोबर मी यार्डात गेलो, गॅरेजात बसलो, शोरूममधल्या मुलांशी बोललो. शोरूमचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका शोरूमपुरतं नाही.

घाट उतरून येणारा माल

बोरघाटाच्या वरच्या अंगाला, दोन-अडीच तासांच्या टापूत, देशातल्या मोटार उद्योगाचा मोठा हिस्सा आहे. पिंपरीत टाटा, चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, रांजणगावला टाटा आणि फियाट यांचा भागीदारीतला कारखाना, तळेगावला जनरल मोटर्सने सोडलेला आणि ह्युंदाईने घेतलेला. घाटाखालीही या धंद्याशी नातं जुनं आहे. खोपोलीच्या जगदीशनगरात महिंद्र युजिनच्या, म्हणजे ‘मस्को’च्या, कारखान्यात गाड्यांच्या भागांना लागणारं मिश्र पोलाद तयार व्हायचं. ‘मस्कोत कामाला’ एवढं सांगितलं की इथे माणसाची ओळख पुरी व्हायची. पोलादाची पारख असलेलं हे गाव. तरी नवी गाडी घ्यायची वेळ आली की इथलीही माणसं तिला ओवाळतात आधी आणि बघतात नंतर.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा ती खरोखर कोरी असते. प्रश्न वाटेचा आहे. ट्रेलरमध्ये गाडी चढवणं कसबाचं काम. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा. गाडी जागेवर उभी केली की चालवणाऱ्याला दार अर्धवट उघडून अंग चोरून बाहेर यावं लागतं. तेवढ्यात दाराची कड ट्रेलरच्या पत्र्याला लागली तर ज्वारीच्या दाण्याएवढा रंग उडतो. चाकं पट्ट्यांनी आवळलेली असतात. गाडी पुढे-मागे फार सरकत नाही, पण घाटातल्या प्रत्येक वळणावर तिला ताण बसतो. टायरमध्ये हवा मुद्दाम जास्त भरलेली असते, म्हणजे दिवसेंदिवस उभं राहून टायर एका जागी दबू नयेत. बॅटरी उतरू नये म्हणून काही फ्यूज काढून ठेवतात.

मग यार्ड. यार्ड म्हणजे महामार्गालगतचं कुंपण घातलेलं उघडं मैदान, खाली खडी किंवा मुरूम. आपल्याकडचा पाऊस इथे चार महिने गाड्यांच्या अंगावर पडतो. ऊन, पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक, आणि मुख्य म्हणजे उंदीर. कोरडी, बंद, उबदार जागा म्हणून उंदराला नव्या गाडीचं इंजिन फार आवडतं. वायरची आवरणं तो कुरतडतो, बोनेटच्या आतल्या अस्तरात घर करतो.

गाडी विकायला काढण्याआधी तिची तपासणी होते, आणि ती कंपनीच्याच नियमाने होते. तिला धंद्यात ‘पीडीआय’ म्हणतात, डिलिव्हरीच्या आधीची तपासणी. काढलेले फ्यूज बसवणं, टायरची हवा बरोबर करणं, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बघणं, प्रत्येक दिवा आणि बटण चालतं का ते पाहणं, धुणं-पुसणं. त्याची छापील यादी असते, तिच्याखाली सही असते. चांगल्या शोरूममध्ये हे काम मनापासून होतं, मी ते पाहिलं आहे. पण ही तपासणी विकणाऱ्याची असते. तिच्यात दाराची उडालेली कड सापडली तर ती टचअप करून गाडी पुढे सरकवणं हा तिचाच एक भाग ठरतो. घेणाऱ्याची तपासणी वेगळी, आणि ती घेणाऱ्यालाच करावी लागते.

माझ्या गाडीचा डावा दरवाजा

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला मी गाडी घेतली. संध्याकाळची वेळ, शोरूममध्ये डोळे दिपवणारे दिवे, गाडीवर लाल मखमल. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात घेऊन फोटो झाला. एका कागदावर सही केली. त्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. दोन वर्षांनी एका दुचाकीचं हँडल दाराला घासलं म्हणून रंगाऱ्याकडे गेलो. त्याने दाराच्या कडेचं रबर नखाने मागे सारलं आणि मला जवळ बोलावलं. रबराखाली रंगाची एक बारीक पायरी होती, चिकटपट्टी लावून रंग मारल्यावर राहते तशी. रबरावरही रंगाचे तुषार होते. डावा मागचा दरवाजा आधीच एकदा रंगवलेला होता. माझ्याकडून नव्हे. माझ्याकडे येण्याआधी.

सिद्ध करायला हातात काही नव्हतं. त्या न वाचलेल्या कागदावर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ असं होतं, खाली माझी सही. रंगाचं दुःख लवकर विरलं. मला सांगितलं नाही, हे अजून सलतं. दरवाजाला धक्का लागला होता, तो दुरुस्त केलाय, पाच हजार कमी द्या, असं म्हणाले असते तर मी तीच गाडी आनंदाने घेतली असती.

आपण बघत का नाही, याचा मी बराच विचार केला. आमच्या आधीच्या पिढीला गाडी ही विकत घ्यायची वस्तू वाटतच नव्हती, ती मिळायची वस्तू होती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. बजाजच्या स्कूटरचं तेच. १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८००ची चावी दिली गेली, त्यानंतर हळूहळू चित्र पालटलं. पण दहा वर्षं थांबून मिळालेल्या गाडीच्या दाराची कड कोण तपासणार? मिळाली हेच भाग्य. रांगा संपून जमाना झाला, कृतज्ञता मात्र अंगात राहिली. शोरूममध्ये आपण अजून प्रसाद घ्यायला गेल्यासारखे उभे राहतो.

सकाळी नऊचा उजेड

मामेभावाला मी एकच अट घातली होती: पैसे पूर्ण भरण्याआधी, पासिंग होण्याआधी, आपल्याला दिलेल्या चेसिस नंबरचीच गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघायची. शोरूममधल्या मुलाने आधी आढेवेढे घेतले. यार्ड लांब आहे, गाडी धुतलेली नाही, इथे आणल्यावर बघा की. आम्ही न धुतलेलीच बघायची म्हटलं. धुतलेल्या ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही.

बरोबर खोपोलीचे एक गॅरेजवाले काका होते. चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर झोपून काढलेला माणूस. त्यांच्याकडे एक टॉर्च, एक मऊ फडकं आणि चष्मा, एवढंच सामान. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली होती. काकांनी गाडीला हात लावला नाही. लांबून दोन फेऱ्या मारल्या. मग मागच्या दिव्यापाशी उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून गाडीच्या अंगावरून पुढे बघत राहिले, सुतार फळीची धार बघतो तसे.

“समोरचा विजेचा खांब पत्र्यात बघा,” ते म्हणाले. “सरळ दिसतो का?”

मी बसलो. पत्र्यात पडलेलं खांबाचं प्रतिबिंब पुढच्या दारावर सरळ होतं, मागच्या दारावरही सरळ. कुठे डेंट काढून लांबी भरली असेल तर प्रतिबिंब तिथे पाण्यात हलल्यासारखं दिसतं. रंगाचा पोतही बघायचा. कारखान्यातला रंग यंत्राने बसतो, सगळीकडे सारखा. हाताने मारलेल्या रंगाला जवळून संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे असतात, किंवा उलट तो शेजारच्या पत्र्यापेक्षा जास्तच गुळगुळीत असतो. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि एखाद्या दारावर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट दिसला तर तिथे काहीतरी झालंय. काकांकडे यंत्र नव्हतं. त्यांनी दाराच्या फटीत करंगळी फिरवली. दोन पत्र्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी, उजवीकडे जेवढी तेवढीच डावीकडे. वर बारीक आणि खाली रुंद असेल तर दार कधीतरी काढून बसवलेलं आहे.

मग बोनेट. इथे काकांचं बोट थेट बिजागरीच्या बोल्टवर गेलं. कारखान्यात बोनेट आणि दारं बसवल्यावर अख्ख्या सांगाड्याला रंग देतात, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर आणि सांध्यावर तोच रंग सलग असतो. नंतर कुणी पाना लावला की कोपऱ्यांवरचा रंग फुटतो. तो पुन्हा कितीही जुळवला तरी सलग होत नाही. मडगार्डचे बोल्ट, दारांच्या बिजागऱ्या, डिकीच्या बिजागऱ्या, सगळीकडे टॉर्च फिरला. अस्तर उचलून पाहिलं. उंदराच्या लेंड्या नव्हत्या, वायरची आवरणं शाबूत होती. डिपस्टिक काढून फडक्याला पुसून ऑइल बघितलं, मधासारखं स्वच्छ.

गाडीत बसल्यावर काकांनी काही सुरू करण्याआधी दीर्घ श्वास घेतला. नव्या गाडीला प्लास्टिकचा आणि गोंदाचा वास येतो, तो यायलाच हवा. कुबट ओलसर वास आला तर पाय ठेवण्याच्या जागेची मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. यार्डात पाणी शिरलं असेल, तर गाडी कितीही धुतली तरी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. हे ज्ञान महाराष्ट्राने महाग किंमत देऊन मिळवलं आहे. २६ जुलै २००५ला मुंबई-ठाण्यात, जुलै २०२१ला महाड-चिपळुणात गाड्या पाण्यात बुडाल्या, आणि तेव्हापासून सीटबेल्ट ओढून बघणं हे इकडच्या गॅरेजवाल्यांच्या हाताला जडलं.

बाकीचं काम कंटाळवाणं, पण तेही झालं. प्रत्येक काच वर-खाली. प्रत्येक दिवा, एकाने आत बसून आणि एकाने मागे उभं राहून. वायपर, हॉर्न, एसी पाच मिनिटं पूर्ण गारव्यावर, मागचा कॅमेरा, स्क्रीन, दोन्ही चाव्या. हो, दुसरी चावीही लावून बघायची. हेडलाइटच्या काचेत आतून वाफ धरली आहे का? डिकीत स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोण आहेत का? सीएनजीची गाडी म्हणून टाकीवरची पाटी टॉर्चने वाचली. टाकीची दर ३ वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, म्हणून तिच्यावरची तारीख टिपून ठेवली. विजेवरची गाडी असती तर चार्जर आणि केबल आपल्यासमोर लावून चार्ज होतंय का ते पाहिलं असतं. शेवटी गाडीखाली टॉर्च. गंज, ऑइलची गळती, खरवडलेला पत्रा. मग यार्डातल्या यार्डात दोनशे मीटर चालवली. स्टिअरिंग सोडलं तर ती एका बाजूला ओढते का, ब्रेकला आवाज येतो का.

सगळं ठीक होतं. फक्त दोन गोष्टी सोडून.

गाडीच्या अंगावर लिहिलेल्या तारखा

नवी गाडी किती नवी आहे, हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतल्या १२२व्या नियमानुसार चेसिस नंबर आणि इंजिन नंबराबरोबर उत्पादनाचा महिना आणि वर्षही गाडीवर कोरावं लागतं. सतरा अक्षरांचा चेसिस नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: एमएटी असेल तर टाटा, एमए३ असेल तर मारुती, एमएएल ह्युंदाई, एमए१ महिंद्र. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर कुठे असतं ते कंपनीगणिक बदलतं, ते शोरूममध्येच विचारून घ्यावं. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या नंबरात कधीच येत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून.

डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये घेतली म्हणून ती वाईट ठरत नाही. पण पुढे विकताना तिचं वय बनल्याच्या वर्षावरूनही मोजलं जातं, आणि त्या एका वर्षाची किंमत आज कमी करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागण्यासाठी आधी वाचता यायला हवं.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी एकमेकांच्या आसपासच्या आठवड्यांतले हवेत, आणि गाडीच्या आधीचे. टायर गाडीनंतरचा असेल तर तो बदललेला आहे, आणि नव्या गाडीचा टायर का बदलावा लागला, हे विचारायलाच हवं. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेही बघावेत. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि तारखेची खूण असते. सगळ्या एका वेळच्या आणि एकच वेगळी, म्हणजे ती फुटून बदललेली.

आम्ही सहा काचा वाचल्या, पाच टायर वाचले. चार टायर गाडीच्या महिन्याच्या जरा आधीचे. मागचा डावा मात्र गाडी बनल्यानंतर सात आठवड्यांनी बनलेला. आणि त्याच बाजूच्या मागच्या दाराच्या कडेला, खालच्या टोकाशी, टचअपचा थेंब. सुकलेला, शेजारच्या रंगापेक्षा किंचित गडद.

यार्डातला मुलगा प्रामाणिक होता. टायरला खिळा लागून तो फाटला, म्हणून बदलला, असं त्याने सांगितलं. दाराचं त्याला माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी लहान. गाडी चालायला त्यांनी काही फरक पडला नसता. पण ओडोमीटरवर १४३ किलोमीटर होते, आणि ते कुठे झाले हे कुणालाच सांगता येईना. मामेभावाने फोन काढला आणि दुसरा चेसिस नंबर मागितला.

पासिंगनंतर ती तुमची

आम्ही पासिंगआधी बघायचा हट्ट का धरला, ते सांगायला हवं, कारण या लेखातलं हेच सर्वांत कामाचं आहे.

पूर्वी शोरूममधून तात्पुरत्या नंबरावर गाडी मिळायची, मग ती आरटीओत न्यायची, तिथे निरीक्षक चेसिस नंबर ताडून बघायचा आणि मग नंबर पडायचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ला मोठी दुरुस्ती झाली. आता डीलर आणि गिऱ्हाईक एकाच राज्यातले असतील तर नोंदणीचा अर्ज डीलरच करतो. कलम ४१ म्हणतं की अशा गाडीवर नंबर लागल्याशिवाय ती मालकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटीही सक्तीची आहे. आणि कलम ४४ म्हणतं की अधिकृत डीलरने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर आणायची गरज नाही.

यामुळे खेपा वाचल्या, दलाल कमी झाले, हे चांगलंच झालं. पण तुमच्या हाती येईपर्यंत गाडी आता कायद्याने तुमची झालेली असते. तुमच्या नावावर कर भरलेला असतो (महाराष्ट्रात पेट्रोलच्या दहा लाखांपर्यंतच्या गाडीला किमतीच्या ११ टक्के), विमा काढलेला असतो, बँकेचे पैसे गेलेले असतात, पाटीवर नंबर ठोकलेला असतो. आणि विकणाऱ्याखेरीज कुणीही ती गाडी पाहिलेली नसते. सरकारी निरीक्षकाचा जो एक त्रयस्थ डोळा होता, तोही आता नाही. उरतो फक्त तुमचा डोळा. तो तुम्ही हार घालायच्या दिवशी वापरलात तर फार उशीर झालेला असतो. त्या दिवशी उडालेला रंग सापडला तर तुमच्याच नावावरच्या गाडीला टचअप करून मिळेल. नोंदणीआधी सापडला तर दुसरी गाडी मागता येते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. चेसिस नंबर ठरला की बघायचं. पसंत पडली की त्या नंबराचा फोटो काढून ठेवायचा आणि तोच नंबर बिलावर, विम्यावर, फॉर्म २१च्या विक्री प्रमाणपत्रावर आणि कंपनीच्या फॉर्म २२वर ताडून घ्यायचा. नापसंत पडली तर शोरूमला लेखी कळवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीही चालतील. बुकिंगच्या वेळीच ‘गाडी पाहून उरलेले पैसे देऊ’ असं लिहून घ्यावं. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, तो बाहेरूनही घेता येतो. ‘हँडलिंग’च्या नावाने वेगळी रक्कम लावली असेल तर ती कशाची, ते विचारावं.

एवढं करूनही फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपल्या रायगडचा अलिबागला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे शोरूम पुण्याची असली तरी कर्जतच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते, २ वर्षांच्या आत ती करावी लागते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण तिथे पुरावा लागतो, आणि पुरावा यार्डात त्या सकाळीच गोळा होतो.

अलाबामातला डॉक्टर

माझ्या डाव्या दरवाजासारखी एक गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. १९९०मध्ये अलाबामा राज्यातल्या आयरा गोर नावाच्या डॉक्टरांनी नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी आणखी चमकवून घ्यायला ते एका दुकानात गेले. गाडी आधी रंगवलेली आहे, असं त्या दुकानदाराला वाटलं. खरंच होतं. वाहतुकीत, बहुधा आम्लवर्षेने, रंग खराब झाला होता आणि विकण्याआधी तो पुन्हा दिला होता. दुरुस्तीचा खर्च होता ६०१ डॉलर. दुरुस्ती किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, हे कंपनीचं धोरणच होतं.

ज्यूरीने ४,००० डॉलर भरपाई आणि ४० लाख डॉलर दंड ठोठावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंड २० लाखांवर आणला, आणि १९९६मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला. कायद्याच्या वर्गांत हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी शिकवतात. मला त्यातला चमकवणारा दुकानदार महत्त्वाचा वाटतो. त्या सगळ्या कागदपत्रांच्या मुळाशी एका कारागिराची नजर आहे, आपल्या खोपोलीच्या काकांसारखी. डॉक्टरांना ती नऊ महिने उशिरा भेटली, एवढंच.

विकणाऱ्याची बाजू

शोरूममधला मुलगा खलनायक नाही. त्याच्यावर महिन्याचं टार्गेट असतं, महिनाअखेरीला बिलं फाडावी लागतात, म्हणून तुम्ही गाडी बघण्याआधीच तिचं बिल तयार झालेलं असतं. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया या दिवशी एकेका शोरूममधून एका दिवसात इतक्या गाड्या निघतात की धुणाऱ्याला उसंत नसते. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. त्या नवरात्रात शोरूमसमोर काय गर्दी उसळली ते सर्वांनी पाहिलं. अशा गर्दीत तपासणीच्या यादीवर सही होते, तपासणी होतेच असं नाही. त्या मुलानेच मला सांगितलं की आधी येऊन गाडी बघणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी यार्डातली माणसं जास्त जपून ठेवतात. त्यांना माहीत असतं, कुणीतरी येणार आहे.

मुहूर्ताच्या दिवशी गाडी घरी न्यायला माझी काहीच हरकत नाही. घरच्या बाईने गाडीला ओवाळावं, नारळ फोडावा, महडला जावं. आपल्या श्रमाच्या पैशाने आलेल्या वस्तूचा तो मान आहे. पण मुहूर्त घरी नेण्याचा असतो, बघण्याचा नसतो.

दुसरा चेसिस नंबर पाच दिवसांनी मिळाला. काका पुन्हा आले, पुन्हा लांबून दोन फेऱ्या, पुन्हा विजेचा खांब. पाचही टायर जुळले, सहाही काचा जुळल्या, ओडोमीटरवर ३१ किलोमीटर. मग पैसे, विमा, पासिंग, पाटी. गणपती आले तेव्हा गाडी दारात नव्हती. ती गौरीच्या दिवशी आली, आणि मामीने तिला गौरीबरोबरच ओवाळलं.

यंदा पाडव्याला गाडी घेणार असाल, तर आजच शोरूमला फोन करून तुमचा चेसिस नंबर मागा, आणि पासिंगआधी एका कोरड्या सकाळी यार्डात जा. ओळखीचा एखादा गॅरेजवाला बरोबर न्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. स्टेपनीचा टायरही वाचा.